मिलरपाड्याची पिवळी गाडी

मी अमेरिकेला कधी गेलो नाही. पासपोर्ट नाही आणि आता गुडघेही नाहीत. तरीसुद्धा तिथल्या मिलर्सफोर्ड नावाच्या एका शहराचा भूगोल, लोकसंख्या आणि शाळा या विषयावर माझ्याइतका अधिकारी माणूस अख्ख्या शहापूर तालुक्यात सापडायचा नाही. नदी शहराच्या कोणत्या अंगाने वाहते, धान्याची कोठारं रुळांच्या अलीकडे की पलीकडे, शाळेत मंगळवारी जेवायला काय असतं, सगळं तोंडपाठ आहे. बायको म्हणते, एवढं ज्ञान घेऊन बाजारात जाता आणि येताना कोथिंबीर विसरता.

नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत झाली. सुरुवात मुरबाडकडे, माझ्याच धसई गावाजवळ, आणि शेवट खर्डीच्या पुढे डोंगरातल्या करवंदपाड्यावर. प्राथमिक शिक्षक मुलांना शिकवतो असा बाहेरच्या लोकांचा एक गोड समज असतो. शिक्षक मतदारयाद्या करतो, जनगणना करतो, संडास मोजतो, खिचडीचे तांदूळ निवडून घेतो, ऑनलाइन माहिती भरतो, साइट बंद पडली की तीच माहिती पुन्हा भरतो. यातून वेळ उरला आणि मुलंही उरली तर शिकवतो. आणि या सगळ्यावर एक शब्द राज्य करतो, तो म्हणजे पट. हजेरीत नाव असलेल्या मुलांची संख्या. पट चांगला तर शाळा चांगली. पट घसरला की वरून विचारणा येते आणि मग येतं समायोजन. म्हणजे तुमची शाळा बंद करून मुलांनी दुसऱ्या गावच्या शाळेत जायचं. बंद हा शब्द सरकारी कागदावर कधी दिसत नाही. आमच्याकडे शाळांचं समायोजन होतं.

करवंदपाडा म्हणजे डोंगराच्या कुशीतली आदिवासी वस्ती. शेत कोणाचंच नाही. पावसाळ्यात दुसऱ्याच्या भातावर मजुरी, दिवाळी झाली की वीटभट्टीवर. पाड्यावरून खाली बघितलं की भातसा धरणाचं पाणी चमकताना दिसतं. ते मुंबईला जातं. पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन झऱ्यावर जातात. मुलांना भूगोल शिकवताना हा धडा मी थोडा भरभर घ्यायचो.

एके दिवशी विस्तार अधिकारी साहेब शाळेवर आले. साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांना फोटोत असल्याशिवाय आपण आहोत असं वाटत नसे. त्यांच्याबरोबर एका कंपनीच्या समाजसेवा विभागातल्या समन्वयक मॅडम होत्या. मॅडमनी सांगितलं, आपल्या शाळेला अमेरिकेतली एक मैत्रीण-शाळा मिळाली आहे. आठवड्यातून एकदा टॅबलेटवर दोन्हीकडची मुलं समोरासमोर बोलतील. पहिला विषय ठरलेला होता : आपलं शहर, त्याचा भूगोल, लोकसंख्या आणि शाळा.

"आपलं शहर कुठलं दाखवायचं?" मी विचारलं.

"पाडाच दाखवा, सर. ऑथेंटिक वाटतं," मॅडम म्हणाल्या.

आपली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची, म्हणून टाकीच्या स्लॅबवर शाळा भरायची. अर्धी मुलं लाकडाच्या मोळ्या घरी टाकून धावत यायची. समोर पडद्यावर हॅना नावाच्या शिक्षिका आणि त्यांची गोरीगोमटी, अंगभर स्वेटर घातलेली मुलं. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांची हॅनाबाई केली आणि मिलर्सफोर्डचा मिलरपाडा.

पाडा म्हणणं काही चूक नव्हतं. धसईच्या बाजाराला जेवढी माणसं जमतात तेवढीसुद्धा त्या अख्ख्या शहरात नव्हती. पण त्याला ते लोक सिटी म्हणतात. त्याला महापौर आहे, लाल रंगाचा बंब आहे, वाचनालय आहे. आपल्या खर्डीला कोणी महानगर म्हटलं तर रिक्षावाले भाडं वाढवतील. मिलर्सफोर्डला शाळा मात्र एकच, पहिलीपासून बारावीपर्यंत एकाच इमारतीत.

आमच्या मुलांचे प्रश्न वेगळेच असायचे. तुमच्या गावची वेस कुठं हाय? गावदेवी कुठल्या झाडाखाली बसते? भट्टीवर कवा जाता? हॅनाबाईंना शेवटचा प्रश्न समजावून सांगता सांगता माझी दमछाक झाली. त्यांना वाटलं, मुलं सुट्टीत कुठे फिरायला जातात असं विचारताहेत. त्यांनी उत्साहाने फ्लोरिडा सांगितलं. मग पोरांनी नोंद करून टाकली, की मिलरपाड्याची माणसं फ्लोरिडाच्या भट्टीवर जातात.

वाढदिवसांचाही असाच घोळ झाला. हॅनाबाईंनी शुभेच्छापत्रं पाठवायला सगळ्यांच्या जन्मतारखा मागितल्या. मी पाठवल्या. तारीख एकच, एक जून. पाड्यावर जन्मलेल्या किंवा भट्टीवर जन्मलेल्या मुलाची तारीख कोणालाच ठाऊक नसते, ती गुरुजी देतात, आणि गुरुजींना पहिलीत प्रवेशाच्या हिशेबाला सोयीची म्हणून एक जून आवडते. मी स्वतः त्याच दिवशी जन्मलेलो आहे, माझ्या गुरुजींच्या कृपेने. तिकडे एकच खळबळ उडाली. एका गावातली सगळी मुलं एकाच दिवशी जन्मतात हे त्यांच्या स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं म्हणे. एक जूनला भला मोठा खोका पोस्टात आला. तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती.

पण खरी गोष्ट पाटीची आहे. मिलर्सफोर्डमध्ये शिरताना रस्त्याच्या कडेला एक हिरवी पाटी लागते. तिच्यावर शहराचं नाव आणि खाली लोकसंख्या. हॅनाबाईंनी ती दाखवली तेव्हा पोरं टॅबलेटला नाक लावून बघायला लागली. मग एका मुलीने विचारलं, "कोनी मेला तर आकडा कोन पुसतं?" हॅनाबाई हसल्या. म्हणाल्या, कोणी पुसत नाही, दहा वर्षांनी जनगणना झाली की नवीन पाटी लावतात. आमच्या पोरांना ते अजिबात पटलं नाही. मेलेला माणूस दहा वर्षं पाटीवर कसा ठेवायचा?

म्हणून त्यांनी स्वतःची पाटी केली. जुन्या फळ्याचा तुकडा पाड्याच्या तोंडाशी ऐनाच्या झाडाला बांधला. वर नाव, खाली लोकसंख्या, खडूने. आणि रोज बदलायची. कोणाकडे बाळ झालं, एक वाढवला. कोणाची लेक सासरी गेली, एक कमी. पाहुणे आले तर वाढवायचे की नाही यावर दोन दिवस भांडण चाललं. मला स्वतःला ही पाटी फार आवडायची. इतकी खरी जनगणना मी तरी उभ्या नोकरीत केली नव्हती.

दिवाळी झाली. भट्टीवाल्यांचे ट्रक आले आणि पाडा रिकामा झाला. मागे उरल्या म्हाताऱ्या आणि शाळेसाठी म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली मुलं. ही मुलं मागे राहावीत म्हणून आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष बुधीबाई घरोघर फिरायच्या. बुधीबाईंना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण आईबापाला ट्रकमधून खाली उतरवून मूल काढून घेण्याची ताकद त्यांच्यात होती. "भट्टीला नेशील तर चिखल तुडवंल. हितं राहिल तर दुपारचं जेवन तरी भेटंल," एवढंच त्या म्हणायच्या. शाळा समोर दिसत होती म्हणून आईबाप ऐकायचे.

नेमके त्याच दिवसांत साहेब पाड्यावर आले. ऐनाच्या झाडापाशी गाडी थांबवून त्यांनी पाटी वाचली आणि फोटो काढला, स्वतःसकट. पोरांनी प्रामाणिकपणे आकडा पुसून पुसून पंचवीसवर आणला होता. पंधरा दिवसांत कागद आला. वस्तीची लोकसंख्या अत्यल्प असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले असल्याने सदर शाळेचे ओहळापलीकडील केंद्रशाळेत समायोजन प्रस्तावित आहे. अंतर एक किलोमीटरच्या आत. ते अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं होतं. पट्टीला ओहळ लागत नाही. पावसाळ्यात तो ओहळ बैल वाहून नेतो, आणि पूल गाठायचा तर डांबरी रस्त्याने मोठा वळसा पडतो. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, निगेटिव्ह नका बोलू."

भट्टीवरून माणसं परतली आणि बातमी सगळीकडे झाली. त्या आठवड्याच्या अमेरिकन तासाला साहेब मुद्दाम हजर होते. मॅडम होत्या. आणि स्लॅबखाली अंगणात सगळा पाडा जमला होता. विषय ठरलेलाच होता : आपण शाळेत कसे जातो. एमी नावाच्या मुलीने खिडकीतून दाखवलं, शाळेसमोर मोठी पिवळी बस उभी होती. ओढ्यापलीकडच्या शेतात दोन भाऊ राहतात, म्हणाली, फक्त त्यांच्यासाठी ती रोज तिकडे जाते.

बुधीबाई वर आल्या. मला म्हणाल्या, "गुरुजी, त्या बाईला इचारा, पट कमी झाला तर तुमची शाला बंद करतात का?"

मी विचारलं. हॅनाबाई म्हणाल्या, एकदा तशी वेळ आली होती. मग सगळं गाव सभागृहात जमलं, ज्यांना मुलंबाळं नाहीत असे म्हातारेसुद्धा, आणि सगळ्यांनी हात वर करून ठरवलं की शाळा ठेवायची. मी ते मराठीत मोठ्याने सांगितलं. तेवढ्यात एमीने विचारलं, "तुमची शाळा बंद होते आहे का?"

साहेब झटकन कॅमेऱ्यात शिरले. "नो, नो. अपग्रेडेशन!"

"मग मुलं लांबच्या शाळेत कशी जाणार?"

समोर अमेरिका, बाजूला कंपनी, मागे भारताची प्रतिमा. साहेबांनी छाती काढली आणि म्हणाले, "बस फॅसिलिटी इज देअर!"

दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. ते मी चोख केलं. स्लॅबच्या कडेला जाऊन खाली ओरडून सांगितलं, की साहेब म्हणतात, मुलांसाठी गाडी आहे.

"आयकलंत ना सगल्यांनी?" बुधीबाईंनी खाली बघून विचारलं. "अमेरिकेनं पन आयकलं."

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, ते बोलण्याच्या ओघात होतं. मी म्हटलं, साहेब, ओघाचं इंग्रजी मला येत नाही.

जूनपासून समायोजन लागू झालं. शाळा उघडल्या त्या दिवशी करवंदपाड्याची सगळी मुलं आंघोळ करून, केसांना तेल चोपडून, दप्तरं घेऊन डांबरी रस्त्याच्या फाट्यावर बसली. आईबाप मागे उभे. येणारा जाणारा विचारायचा, कोणाची वाट बघता? "सायबांच्या गाडीची." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून पसरवलं. वरून साहेबांना विचारणा आली, की उपक्रमाच्या अहवालात तुम्ही बसची सोय असल्याचं म्हटलं आहे, ती कुठे आहे? कारण मॅडमनी तो कॉल शब्दशः अहवालात टाकला होता. फाइल फिरली आणि निर्णय झाला : बसची सोय होईपर्यंत समायोजनास स्थगिती. आम्ही मुलं घेऊन आमच्या शाळेत परत आलो. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही, पण हजेरी दोनदा घेतली हे आठवतं.

पुढची दोन वर्षं आमची शाळा न आलेल्या गाडीच्या जोरावर चालली. दर जूनला बुधीबाई माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायच्या, की बस त्वरित सुरू करावी ही नम्र विनंती. अर्जावर अंगठा उठवायच्या आणि तिथून सरळ वाघोबाच्या देवळीपाशी जाऊन गाडी येऊ नये म्हणून नारळाचा नवस बोलायच्या. सरकारकडे गाडी मागायची आणि देवाकडे ती अडवायची. दोघांवरही त्यांचा सारखाच विश्वास होता, आणि दोघांनीही तो राखला. सरकारकडून गाडी आली नाही.

ती अमेरिकेकडून आली.

एमीला ती गाडी विसरता येईना. दर कॉलला ती विचारायची, तुमची बस कोणत्या रंगाची आहे? आमची पोरं खरं तेच सांगायची, "अजून येयाची हाय." मिलरपाड्याची मुलं हळव्या मनाची. गाडीच्या पैशांसाठी त्यांनी बिस्किटं भाजून विकली, लोकांच्या मोटारी धुतल्या, हॅनाबाईंनी चर्चमध्ये भाषण केलं. कंपनीने त्यात आपली भर घातली. मला हे कळलं तेव्हा मॅडमनी कॉल बंद करून नुसता मेलचा कार्यक्रम ठेवला होता, आणि मेल त्यांच्यामार्फत जायचे. मी लिहिलं : आम्हाला गाडी नको, गाडी आली की आमची शाळा जाईल, कृपा करून थांबा. मॅडमनी फोन केला. "सर, मुलांच्या भावना दुखावतील. मी थोडं पॉझिटिव्ह करून पाठवते." पॉझिटिव्ह करून काय गेलं ते मला पुढे कळलं. आमची मुलं बसची आतुरतेने वाट पाहत आहेत, असं गेलं होतं.

गाडी जुनीच होती, पण पिवळा रंग ताजा होता. बाजूला दोन देशांचे झेंडे काढलेले. पाड्याखाली फाट्यावर मंडप टाकला. साहेबांनी फीत कापली. बुधीबाईंच्या हातात नारळ दिला तो त्यांनी फोडला नाही, पदरात घालून घरी नेला. साहेबांनी माईकवरून सांगितलं की करवंदपाडा आता जागतिक झाला आहे. टाळ्या वाजल्या. स्थगिती त्याच दिवशी उठली. दुसऱ्या दिवशी शाळेला कुलूप लागलं आणि मला केंद्रशाळेत हजर होण्याचा आदेश मिळाला.

गाडी पावसाळाभर बरी चालली हे मला सांगितलंच पाहिजे. पाड्यावरून फाट्यापर्यंत मुलं चिखलातून यायची, पण येत होती. नंतर प्रश्न निघाला की डिझेलचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा. शिक्षणाचं शीर्ष म्हणालं हे वाहन आहे, वाहनाचं शीर्ष म्हणालं ही देणगी आहे. फाइल शीर्षासन करत राहिली. मग निवडणूक आली. पेट्या आणि कर्मचारी न्यायला गाडी लागली. तिच्यातून मीच मतदान केंद्रावर गेलो, खिडकीवर एमीच्या वर्गाने चिकटवलेला हसरा सूर्य होता. मग कोणत्यातरी सभेला माणसं नेली. मग ती कार्यालयामागे उभी राहिली. चाकं कोणी नेली ते विचारू नका, चौकशी चालू आहे.

मोठी मुलं थोडे दिवस वळशाने चालत आली. लहान आलीच नाहीत. दिवाळीनंतर ट्रक आले तेव्हा बुधीबाई नेहमीसारख्या घरोघर फिरल्या. "हितं राहिल तर काय करंल?" असं आईबापांनी विचारलं. पूर्वी त्या शाळेकडे बोट दाखवायच्या. आता दाखवायला काही नव्हतं. ट्रक भरून गेले, मुलांसकट. केंद्रशाळेच्या हजेरीत त्यांची नावं आहेत. पट उत्तम आहे. साहेबांना बढती मिळाली. मॅडमच्या कंपनीने या उपक्रमावर गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली, तिच्यात मी गाडीजवळ उभा आहे आणि हसतो आहे. फोटोग्राफरने हसा म्हटलं होतं. मला अजून त्या हसण्याचा राग येतो. हॅनाबाईंचा येत नाही, एमीचा तर मुळीच नाही. त्यांच्याइतकं मन लावून आमच्या मुलांचा विचार इकडे कोणी केला नव्हता.

निवृत्त झाल्यावर एकदा खर्डी स्टेशनबाहेर बुधीबाई भेटल्या. रानातली कंटोळी घेऊन बसल्या होत्या. थकल्या होत्या. दोन्ही नातवंडं भट्टीवर, धाकटी विटा उलटायला लागली म्हणाल्या. मी उगाच कंटोळ्यांचा भाव विचारला.

त्यांनी तो सांगितला नाही. म्हणाल्या, "गुरुजी, त्या मिलरपाड्याच्या बाईंचा पत्ता हाय का तुमच्याकडं?"

"आहे की. का?"

"मग लिवा तिला. त्या मॅडमच्या हातानं नको, तुमी सोता लिवा." त्यांनी कंटोळी माझ्या पिशवीत ओतली. "म्हनावं, गाडी पोचली. लई चांगली हाय. आता तेवढी एक शाला धाडा."